लाल स्टुलावर सात मिनिटं

प्रेमाबाईंनी नाही म्हटलं की ते नाहीच असतं, हे कारखान्यातल्या चार मॅनेजरांना, दिवंगत नवऱ्याला आणि जर्मनीतल्या लेकीला चांगलं ठाऊक होतं. मकरंदला ते अजून कळायचं होतं. समोर बसून तो तिसऱ्यांदा तोच कागद पुढे सरकवत होता आणि त्या तिसऱ्यांदा तो मागे ढकलत होत्या.

“मावशी, फक्त सही. बाकी सगळं भरलंय.”

“तेच तर म्हणतेय. बाकी सगळं तूच भरलंयस.”

मारतहळ्ळीतल्या एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मकरंदची कंपनी होती. पस्तीस माणसं, आणि त्यात तिशी ओलांडलेला तो एकटाच. ही मंडळी ‘झरा’ नावाचं यंत्र बनवत होती. भाकरीच्या तव्याएवढी एक पांढरी चकती भिंतीवर उंच लावायची, मोबाईलला मागून एक पातळ कव्हर चढवायचं, की खोलीत पाच मीटरच्या आत कुठेही ठेवलेला मोबाईल वायरीशिवाय चार्ज होत राहणार. चकतीतून मायक्रोवेव्हचा झोत निघून नेमका त्या कव्हरवर पडतो. मधे माणूस आला की यंत्राला ते कळतं, झोत आवरला जातो आणि चकतीवरचा निळा दिवा हिरवा होतो. माणूस गेला की पुन्हा निळा आणि पुन्हा पूर्ण जोर. प्रेमाबाईंनी बत्तीस वर्षं सरकारी रडार कारखान्यात याच लहरी मोजण्यात घालवली होती. हे काम किती अवघड आहे ते त्यांना कळत होतं, म्हणून पोरांचं कौतुकही होतं.

शिवाय त्यांचा स्वतःचा स्वार्थ होता. संधिवाताने त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती आणि चार्जरची ती चिमुकली पिन फोनच्या भोकात घालायची म्हणजे रोजची परीक्षा. गेल्या महिन्यात तीन वेळा प्रयत्न करून त्यांनी नाद सोडला आणि फोन मरू दिला. अमृताने जर्मनीतून अकरा वेळा फोन केला, मग वॉचमनला, मग शेजाऱ्यांना. शेवटी सात माणसं कडी तोडून आत शिरली तेव्हा प्रेमाबाई निवांत उपमा खात होत्या. कडी नवी बसवून घ्यावी लागली आणि अमृता फोनवर रडली, ते वेगळंच. त्यानंतर पंधरा दिवसांनी मकरंद सल्लागार व्हा म्हणून विचारायला आला, तेव्हा त्यांनी एका शब्दात होकार दिला होता.

मकरंद तसा घरचाच. त्याचे वडील जितेंद्र आणि प्रेमाबाई कारखान्यात एकाच शेडमध्ये होते. पोरगा लहानपणी त्यांच्या घरी दडपे पोहे खाऊन मोठा झालेला. जितेंद्र चार वर्षांपूर्वी गेला. आता पोराचं पहिलं यंत्र गुरुवारी यशवंतपूरच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात लागणार होतं. तिथे रोज तीस म्हातारी माणसं सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. तिघांच्या छातीत पेसमेकर आहे. दिल्लीहून रणवीर नावाचे गुंतवणूकदार उद्घाटनाला येणार होते. त्यांनी मान डोलावली की देवनहळ्ळीला कारखान्याची शेड पक्की, आणि मग अशा दोनशे केंद्रांत, वृद्धाश्रमांत झराच झरा. फक्त सुरक्षिततेच्या अहवालावर प्रेमाबाईंची सही हवी होती.

आणि सोमवारी प्रेमाबाई आपला मीटर घेऊन केंद्रात जाऊन आल्या होत्या. यंत्र आधीच लावून चाचणीपुरतं सुरू केलं होतं. चहा झाला, कॅरम सुरू झाला, आणि भीमाचार्य नावाचे ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची नेमकी चकती आणि मोबाईलच्या फळीच्या मधे. सुरुवातीला दिवा हिरवा होता. सातव्या मिनिटाला तो निळा झाला. प्रेमाबाईंनी हात लांबवून मीटर त्यांच्या कानाजवळ धरला, तर काटा परवानगीच्या मर्यादेच्या सव्वातीन पट. आणि त्यांचा हात दिसताच दिवा परत हिरवा. त्यांनी भीमाचार्यांना दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि यंत्राचं बटण स्वतः बंद केलं.

“मावशी, आम्ही ऑफिसमध्ये दोनशे वेळा टेस्ट केलंय,” मकरंद म्हणाला. “एकदाही असं झालं नाही. तुमचा तो मीटर जुना आहे.”

“तुझ्याहून जुना आहे आणि तुझ्याहून खरं बोलतो. तुझ्या ऑफिसात सात मिनिटं गप्प बसणारा एक माणूस दाखव मला.”

मकरंदने काचेतून बाहेर पाहिलं. पोरं खुर्च्या गोल फिरवत होती, मांड्या हलवत होती, केसांतून हात फिरवत होती, उठून कॉफी आणत होती. एकही स्थिर नव्हतं.

“पण माणूस हलला नाही तरी श्वास घेतोच. आपला सेन्सर श्वाससुद्धा पकडतो. अनुषा, सांग ना.”

अनुषा कोपऱ्यात बसली होती. माणूस ओळखणारा भाग तिने बनवला होता. सव्वीस वर्षांची, हसन गावची मुलगी, तीन महिने नीट झोपली नव्हती. ती प्रेमाबाईंकडे बघून कन्नडमध्ये हळूच म्हणाली, “मॅडम, पंखे.”

“कुठले पंखे?”

“केंद्रात सात पंखे आहेत. पडदे हलतात, साड्यांचे पदर हलतात. यंत्राला वाटायचं माणूसच आहे, मग ते सारखं बंद पडायचं, एकही फोन चार्ज होईना. म्हणून मी बारीक, एका लयीतली हालचाल गाळून टाकली. ऑफिसात एसी आहे, इथे काही कळलं नाही. श्वाससुद्धा बारीक आणि लयीतच असतो. तोही गाळला गेला. सात मिनिटं दुसरी हालचाल दिसली नाही की यंत्र जागा रिकामी धरतं.”

प्रेमाबाईंना त्या मुलीचा अभिमान वाटला. स्वतःची चूक सात जन्मांत कबूल न करणारे मोठमोठे साहेब त्यांनी पाहिले होते.

मकरंदने कपाळ चोळलं. “ओके. दुरुस्त करू. महिनाभरात अपडेट टाकतो. गुरुवारी फक्त उद्घाटन आहे, मावशी.”

“गुरुवारी सुरू केलेलं शुक्रवारी बंद करणार आहेस?”

“तसं कसं करता येईल? आणि लिमिटच्या तीन पट म्हणजे काही माणूस भाजत नाही. तुम्हालाच माहितीये, लिमिट ठरवतानाच पन्नास पट मार्जिन ठेवलेलं असतं. तीस जणांत एक आजोबा असे, ते आउटलायर, अपवाद आहेत.”

प्रेमाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी शंभर तोंडांतून ऐकलं होतं, पण जितेंद्रच्या पोराकडून ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

“भाजत नाही, कबूल. उद्या कुणी मरणारही नाही, तेही कबूल. पण ते मार्जिन कुणासाठी ठेवलंय, सांग. ज्याच्या डोळ्यात भिंग बसवलंय, ज्याच्या खुब्यात लोखंड आहे, ज्याच्या छातीत यंत्र आहे, आणि जे आपल्याला अजून कळलेलंच नाही, त्याच्यासाठी. ते आजारी माणसाच्या ताटातलं आहे, मकरंद. तू का खातोस?”

“तुम्ही सही नाही केलीत तर दुसरे सल्लागार आहेत, श्रीवत्स सर, ते करतील,” तो खाली बघत म्हणाला. “ते तासाभरात करून देतात. मला तुमची हवी होती, बस.”

हे मात्र खरं होतं. नुसतं नाही म्हणून उठून गेलं तर हात स्वच्छ राहिले असते, आणि भीमाचार्य तिथेच खिडकीपाशी बसले असते. प्रेमाबाईंनी पर्स उचलली.

“गुरुवारी येते. कागद तिथेच आण.”

मकरंदला वाटलं, मावशी विरघळल्या. त्याने त्यांना कॅब बुक करून दिली आणि लिफ्टपर्यंत सोडायला आला.

प्रेमाबाईंच्या बाल्कनीत तुळशीशेजारी एक लाकडी लाल स्टूल होतं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने चांदीचं निरांजन देऊ केलं, तर यांनी हे स्टूल मागून घेतलं. स्टोअरवाल्याने ते भंगारात लिहून दिलं होतं. शेडमध्ये त्या स्टुलाचा एक रिवाज होता. रडारसमोर कुठपर्यंत उभं राहणं सुरक्षित आहे ती रेघ जमिनीवर आखली जायची, आणि त्या रेघेच्या कागदावर जो सही करणार त्याने आधी रेघेवर स्टूल ठेवून त्यावर बसायचं. यंत्र पूर्ण जोरात चालवायचं आणि मग तिथेच बसून सही करायची. कुठल्याही नियमपुस्तकात हे नव्हतं. एकदा एका साहेबाने केबिनमधून सही पाठवली तेव्हा जितेंद्रने तो कागद परत पाठवला होता आणि सोबत स्टूलही.

गुरुवारी सकाळी स्टूल मांडीवर घेऊन प्रेमाबाई ऑटोने यशवंतपूरला गेल्या. केंद्रात केसरीभाताचा वास भरला होता. फळीवर तीस मोबाईल ओळीने मांडले होते, दारात झेंडूचं तोरण होतं आणि रणवीर पांढरे बूट घालून सगळ्यांना नमस्ते करत फिरत होते. मकरंद कागद आणि पेन घेऊन पुढे आला. त्याची नजर स्टुलावर गेली आणि चेहरा उतरला. लहानपणी शाळा सुटल्यावर तो त्याच स्टुलावर बसून वडिलांची वाट बघायचा.

“मावशी, हे कशाला?”

“सही करायला. तुझ्या बाबांनी आम्हाला दुसरीकडे करायला शिकवलं नाही.”

त्या खिडकीपाशी गेल्या. भीमाचार्य आपल्या खुर्चीत होतेच. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षांपासून इकडे कन्नड मुलखात, त्यामुळे मराठी त्यांची स्वतःची, कन्नड मिसळलेली.

“आचार्य, आजच्या दिवस जागा द्या.”

“नऊ वर्षं झाले की हो इथं बसून.”

“म्हणूनच मागतेय.”

“सरी,” असं कन्नडमध्ये होकारादाखल म्हणून ते काठी टेकत उठले.

प्रेमाबाईंनी खुर्चीच्या जागी स्टूल ठेवलं, त्यावर बसल्या, मीटरचा भोंगा सुरू करून तो मांडीवर घेतला आणि आवाज चढवून सांगितलं, “यंत्र सुरू करा. मी इथे गप्प बसणार आहे. दिवा हिरवा राहिला तर सही करीन.” हिंदीतही सांगितलं, रणवीरसाठी. रणवीर खूश झाले. लाइव्ह टेस्ट, व्हेरी गुड, म्हणून त्यांनी फोन काढून चित्रीकरण सुरू केलं. मकरंदने अनुषाकडे पाहिलं, अनुषाने प्रेमाबाईंकडे, आणि बटण दाबलं. दिवा हिरवा लागला.

आता गंमत अशी की प्रेमाबाई जन्मात कधी स्वस्थ बसल्या नव्हत्या. पहिल्याच मिनिटाला नाक खाजलं. दुसऱ्या मिनिटाला गुडघा ठणकला. चौथ्या मिनिटाला कॅरमवाल्यांपैकी एकाने राणी गेल्यावर आरडाओरडा केला, आणि त्यांनी मान वळवून त्याच्याकडे डोळे वटारले. पाचव्याला पदर सारखा केला. दहा मिनिटं झाली तरी दिवा हिरवाच. रणवीरांनी टाळी वाजवली, “देखिए, एकदम सेफ है.” लोकही वाजवू लागले. मकरंदने सुटकेचा श्वास टाकत पेन पुढे केलं.

प्रेमाबाईंना शरमेने कानकोंडं झालं. भीमाचार्यांना परत खुर्चीत बसवलं असतं तर सात मिनिटांत काम झालं असतं. पण सिद्ध करण्यासाठी म्हाताऱ्याला झोतात बसवायचं तर मग मकरंदला कुठल्या तोंडाने बोलणार? त्यांनी पेन घेतलं नाही.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.

“मावशी, प्लीज. लोक जेवायचे थांबलेत.”

“पुन्हा म्हटलं ना.”

भीमाचार्य काठी टेकत जवळ आले आणि वाकून म्हणाले, “अक्का, तुम्ही बसत नाही, थांबून राहिलात. बसायचं निराळं.”

“मग कसं बसायचं, तुम्हीच सांगा.”

“स्वल्प सोपं हाय. कुणी येणार नाही म्हणून धरायचं.” ते अगदी साधेपणाने म्हणाले, ताकात मीठ किती घालावं हे सांगावं तसं. “सकाळी सून सोडती. संध्याकाळी लेक नेतो. मधी कुणी येत नाही. हे एकदा धरलं की अंग आपोआप गप होतं.”

ते गेले आणि दूरच्या बाकावर बसले. प्रेमाबाईंनी डोळे मिटले. त्यांना वाटलं होतं हे धरायला कठीण जाईल, पण ते लगेच जमलं, आणि त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं. निवृत्तीनंतरच्या दुपारी आठवल्या. दोन ते पाच. बेल वाजत नाही, कुकर लावायला वेळ आहे, लेकीकडे अजून सकाळच. या दुपारी त्या कपाटं आवरतात, कुंड्या हलवतात, स्वतःशी भांडतात, आणि सगळं कशासाठी तर हे धरावं लागू नये म्हणून. आज धरलं. बोटं मांडीवर पडून राहिली. नाक खाजलं आणि खाजायचं थांबलं. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला.

सात मिनिटं कधी झाली ते त्यांना कळलं नाही. मांडीवरचा मीटर किंचाळायला लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, पण मान हलवली नाही. समोरच्या भिंतीवर दिवा निळा होता.

कॅरम थांबला. रणवीरांचा फोन हातातच राहिला. मीटर कर्कश ओरडत होता आणि प्रेमाबाई स्टुलावर देवळातल्या मूर्तीसारख्या बसल्या होत्या. आठ मिनिटं झाली. त्यांना माहीत होतं, एवढ्याने आपल्याला काही होत नाही. उठायचं त्यांच्या मनातही आलं नाही. सगळ्यांनी बघावं, पोटभर बघावं.

“मावशी, उठा.” मकरंदचा आवाज चिरकला. “कळलं मला. उठा ना.”

त्या उठल्या नाहीत. ओठसुद्धा हलवले नाहीत.

मकरंदने कागद टाकला आणि खुर्च्यांमधून वाट काढत तो धावला. बटण दाराशी होतं, अनुषाच्या हाताशी, तिला सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण तो मावशीकडेच धावला आणि त्यांचा दंड धरला. त्याच क्षणी दिवा हिरवा झाला आणि मीटर गप्प बसला.

प्रेमाबाईंनी वर पाहिलं. पोराचे डोळे भरले होते. जितेंद्रचेच डोळे.

“बघ,” त्या म्हणाल्या. “तुझं यंत्र बरोबर चालतं. तू धावत आलास म्हणून थांबलं.” मग त्यांनी हॉलमधल्या तीस खुर्च्यांकडे बोट केलं. “यांच्यापाशी दिवसभरात कोण धावत येतं, मकरंद?”

रणवीर घसा खाकरून अपडेट, टाइमलाइन, असं काहीतरी म्हणायला लागले. मकरंदने त्यांच्याकडे वळून शांतपणे हिंदीत सांगितलं की आज उद्घाटन होणार नाही, आणि तयार होईल तेव्हा तो स्वतः फोन करील. रणवीर म्हणाले, तोवर मी थांबेन असं नाही. मकरंद म्हणाला, ठीक आहे. मग त्याने प्रेमाबाईंना हात देऊन उठवलं, अनुषाला मेन स्विच बंद करायला सांगितला, लाल स्टूल भिंतीला लावलं आणि त्यावर चढून चकती उतरवली.

प्रेमाबाईंनी जमिनीवरचा कागद उचलला. ‘सुरक्षित’ या छापील शब्दावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, स्थिर बसलेल्या माणसाला यंत्र ओळखत नाही, नापास, आणि वाकड्या बोटांनी पूर्ण नाव लिहून सही केली. शेजारी अनुषाने न सांगता आपली केली.

“सही हवी होती ना? घे,” त्या म्हणाल्या. “आणि लवकर नवीन बनव. मला ते घरात हवंय. स्टूल माझ्याकडेच आहे.”

केसरीभात वाढायला सुरुवात झाली. प्रेमाबाईंनी पर्समधून फोन काढला तर तीन टक्के. त्यांनी वायर काढली आणि भिंतीजवळ उभ्या राहून पिन भोकात घालायला लागल्या. ती सरकली, पुन्हा सरकली. मकरंदने हात पुढे केला.

“राहू दे. माझं मी बघते,” त्या म्हणाल्या. “तुला काही करायचंच असेल तर तिकडे जाऊन बस.”

भीमाचार्य आपल्या खुर्चीत परतले होते. मकरंदने लाल स्टूल उचललं, खिडकीपाशी नेलं, त्यांच्या खुर्चीला लावून ठेवलं आणि बसला. भीमाचार्यांनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून त्याला जागा करून दिली.